कीथ फ्लॉइड: कढई, कॅमेरा आणि हातातला पेला

खलबत्ता

आज १४ सप्टेंबर. २००९ साली याच दिवशी ब्रिटिश टीव्हीवरचा स्वयंपाकी कीथ फ्लॉइड गेला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. त्याचं नाव निघालं की आधी बो-टाय आठवतो, मग हातातला वाइनचा पेला. दोन्ही खरं आहे. पण तो पेला धरणारा माणूस मुळात हाडाचा स्वयंपाकी होता हे मागे पडतं, आणि त्याच पेल्याने त्याचं किती नेलं हेही लोक हसण्यावारी नेतात. म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख: जन्म २८ डिसेंबर १९४३, इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ. बालपण सॉमरसेटमधल्या विव्हलिसकूम गावात. ब्रिस्टलच्या दैनिकात उमेदवारी, मग लष्कराच्या रणगाडा दलात अधिकारी. तिथून बाहेर पडून ब्रिस्टलमध्ये उपाहारगृहं काढली. १९७१पर्यंत ती तीन झाली होती. ती विकून दक्षिण फ्रान्समध्ये गेला, तिथेही उपाहारगृह चालवलं आणि परत ब्रिस्टलला आला. तिथे बीबीसीचा निर्माता डेव्हिड प्रिचर्ड त्याला भेटला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात 'फ्लॉइड ऑन फिश' ही मालिका आली. पुढे फ्रान्स, स्पेन, इटली, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आफ्रिका, आग्नेय आशिया. २००१मध्ये 'फ्लॉइड्स इंडिया'सुद्धा. म्हणजे टीव्हीवर येण्याआधी पंधराएक वर्षं हा माणूस रोज चुलीपुढे उभा होता. पडद्यावरचा सैलपणा त्यातून आला होता.

नुसत्या श्रद्धांजल्या नकोत. त्याचं तंत्र, त्याने दाखवलेले पदार्थ आणि दारूचा प्रश्न, यांवर ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा.

तिसरा_डोळा

चित्रीकरणाबद्दल लिहितो, कारण त्याचं खरं मोठेपण तिथे आहे.

त्याच्या आधी टीव्हीवरचा स्वयंपाक म्हणजे स्टुडिओ, तीन कॅमेरे, आधीच चिरून वाट्यांत मांडलेला मसाला आणि ओट्याखालून निघणारा तयार पदार्थ. प्रिचर्ड आणि फ्लॉइडने हे मोडलं. एकच कॅमेरा, तोही खांद्यावर. कॅमेरामन क्लाइव्ह नॉर्थ. फ्लॉइड बोलता बोलता त्यालाच हाक मारून सांगायचा: क्लाइव्ह, इकडे ये, भांड्यात बघ, आता परत माझ्याकडे. हे लाडात येऊन केलेलं नव्हतं. कुठे काय घडतंय हे स्वयंपाक्याला दिग्दर्शकाच्या आधी कळतं. कांदा पारदर्शक झाला तो क्षण दहा सेकंदांचा असतो. दिग्दर्शकाने खूण करून कॅमेरा वळेपर्यंत तो लालसर झालेला असतो. ज्याच्या हातात उलथणं, त्यानेच कॅमेऱ्याला बोलावलं तर तो क्षण सापडतो.

आज मराठीत पाककृतींचे इतके व्हिडिओ होतात, त्यांतल्या बहुतेकांत कॅमेरा वरून बांधलेला असतो. त्यात भांड्यातला रंग दिसतो, पण रस्सा किती घट्ट आहे ते दिसत नाही. घट्टपणा कळतो तो कडेने, डाव तिरका केल्यावर धार कशी पडते त्यावरून. एकच फोन असेल तर तो भांड्याच्या काठाच्या थोडा वर, तिरका धरायला दुसरं माणूस घ्या आणि त्याला तोंडाने सांगत राहा. वाफेने भिंग धुरकटतं, म्हणून झाकण काढल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मगच जवळ यायचं.

उघड्यावर शिजवण्याची अडचण वेगळी. वाऱ्यात गॅसची ज्योत भांड्याखालून एका बाजूला पळते आणि तळाचा अर्धा भागच तापतो. अशा वेळी पातळ पत्र्याची कढई घेतली की एकीकडे करपतं, दुसरीकडे कच्चं राहतं. जाड बुडाचं भांडं आणि तीन बाजूंनी आडोसा, एवढं तरी हवंच. बोटीवर भांडं एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही.

मिरपूड

त्या फ्रान्सच्या मालिकेतला (१९८७) बास्क प्रांतातला प्रसंग इथे यायलाच हवा. एका बाईंच्या घरी, त्यांच्याच स्वयंपाकघरात फ्लॉइडने त्यांचाच घरगुती पदार्थ केला: पिपराद. बाईंनी चाखला आणि फ्रेंचमध्ये सरळ नापास केला. फ्लॉइड शेजारी उभा राहून ती सगळी टीका प्रेक्षकांना इंग्रजीत सांगत होता. आणि ते कापलं नाही, दाखवलं. स्वयंपाक शिकवणाऱ्याने नापास होताना दिसणं, यापेक्षा मोठा धडा नाही.

पिपराद दिसायला आपल्या अंडा भुर्जीसारखं, पण भुर्जीच्या सवयीने केलं की हमखास बिघडतं. चार माणसांसाठी:

ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, कांदे २ मध्यम, उभे पातळ चिरून. मिरच्या ४०० ग्रॅम. बास्क लोक लांबट, पातळ सालीच्या, जवळजवळ न तिखट हिरव्या मिरच्या घेतात. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळची भावनगरी. ढोबळी चालते, पण तिची भिंत जाड आणि पाणी जास्त, म्हणून दहा मिनिटं वाढवावी लागतात. टोमॅटो ५०० ग्रॅम, साल काढून, बिया काढून. लसूण २ पाकळ्या. अंडी ६. एस्पलेत मिरचीची पूड १ छोटा चमचा. या मिरचीला फ्रान्समध्ये भौगोलिक मानांकन आहे. ती तिखटापेक्षा फळासारख्या वासासाठी घालतात. इथे ब्याडगीची पूड पाऊण चमचा. लवंगी किंवा संकेश्वरी घालू नका, पदार्थच बदलतो.

कांदा आणि मिरच्या चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर १५ मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही, नुसतं मऊ. मग लसूण, टोमॅटो, मिरचीपूड. झाकण न ठेवता आणखी २० ते २५ मिनिटं. खूण अशी: डावाने भांड्याच्या तळावर रेघ ओढा. रेघेत पाणी परत धावत आलं तर अजून वेळ आहे. रेघ तशीच राहिली की झालं. पिपराद जिथे जिथे फसतं तिथे ही पायरी घाईत उरकलेली असते.

अंडी काट्याने आठ-दहा वेळाच ढवळायची, फेसायची नाहीत. आच अगदी बारीक. अंडी ओतून लाकडी डावाने तळापासून सावकाश ओढत राहायचं. पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंशांना धरायला लागतो, बलक ७०च्या आसपास. ८०च्या पुढे गेलं की अंड्यातल्या प्रथिनांची जाळी आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. टोमॅटोचा आंबटपणा हे आणखी लवकर घडवतो. म्हणून अजून ओलसर चकाकी असतानाच भांडं खाली घ्यायचं, पुढचं भांड्याच्या उष्णतेवर होतं. वर फ्रान्समधल्या बायोनचा हॅम (डुकराचं खारवलेलं मांस) परतून ठेवतात, त्यामुळे आधी मीठ हात राखून.

भुईनळा

@मिरपूड, टोमॅटोची साल काढलीच पाहिजे का? आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी चालतं का?

मिरपूड

काढायलाच हवी. वीस-पंचवीस मिनिटं शिजून साल सुटते आणि गुंडाळी होऊन दाताखाली येते. देठाच्या विरुद्ध बाजूला फुलीसारखा छेद द्या, उकळत्या पाण्यात २० सेकंद, लगेच गार पाण्यात. उरलेलं म्हणाल तर अंडी घालण्याआधीचा भाग फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतो, उलट मुरतो. अंडी घातलेलं पुन्हा गरम करू नका, रबर होतं.

हिशेबनीस

फ्लॉइडच्या व्यवहाराची बाजूही लिहायला हवी, कारण खानावळीच्या धंद्यात पडणाऱ्या मराठी मुलांना त्यातून शिकण्यासारखं आहे.

डेव्हनमध्ये टॉटनेसजवळच्या टकनहे गावात त्याने पब घेतला होता. १९९६मध्ये त्याचं दिवाळं निघालं. दारूच्या एका ३६,००० पौंडांच्या खरेदीला त्याने वैयक्तिक हमी दिली होती. तेव्हा तो घराघरांत माहीत असलेला चेहरा होता. प्रसिद्धी आणि गल्ल्यातले पैसे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वैयक्तिक हमी म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढली की धंद्याचं कर्ज धंद्यापुरतं राहतं, हा समज बरोबर आहे. पण पुरवठादाराच्या कागदावर तुम्ही स्वतःच्या नावाने हमीदार म्हणून सही केली की ती भिंत त्या कर्जापुरती पडते. आपल्याकडे १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पुरवठादाराने आधी धंद्याकडे वसुली करावी आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन त्यात नाही.

सही करण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: हमीची कमाल रक्कम आणि शेवटची तारीख. हमी चालू स्वरूपाची असेल तर कलम १३० नुसार पुढच्या खरेदीपुरती ती लेखी कळवून मागे घेता येते, आधीची मात्र चिकटलेलीच राहते. भागीदारी सोडताना लोक ही नोटीस द्यायला विसरतात आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच्या मालाचं बिल घरी येतं.

पबमध्ये आणखी एक गळती असते: मालकाने मित्रांना फुकट पाजणं आणि स्वतः पिणं. याची नोंद न झाल्याने साठा आणि विक्री जुळत नाही आणि चोरी कोण करतंय हेही कळत नाही. मालकाचा पेलाही बिलावर मांडायचा, शून्य रुपयांचा का असेना.

द्राक्षवेल

वाइनबद्दल. फ्लॉइड बाटली भांड्यावर तिरकी करायचा आणि उरलेली पेल्यात. पडद्यावर ते देखणं दिसतं, पण घरी बाटलीतून थेट गरम भांड्यात ओतू नका. वाइनने भडका होत नाही, १२-१३ टक्क्यांची असते. पण ब्रँडी ४० टक्क्यांची. तिची वाफ पेटली की ज्योत धारेवरून बाटलीच्या तोंडापर्यंत चढते. ब्रँडी आधी वाटीत मोजायची, बाटली लांब ठेवायची, एक्झॉस्ट पंखा बंद, भांडं आचेवरून बाजूला, मग ओतून पेटवायची.

भांड्याचं म्हणाल तर बिडाच्या किंवा लोखंडी कढईत वाइन शिजवू नये. तिच्यातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, लोखंडाशी संयोग होऊन रस्सा काळा पडतो आणि जिभेवर गंजासारखी चव राहते. बिनमुलाम्याचं ॲल्युमिनियमही नको. स्टील किंवा कल्हईचं भांडं घ्या.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज: 'शिजवलं की दारू उडून जाते'. जात नाही. दारूचा उत्कलनबिंदू ७८ अंश असला तरी पाण्यात मिसळल्यावर दोन्हींची वाफ बरोबरच निघते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडे असे: उकळत्या रश्श्यात घालून लगेच उतरवलं तर ८५ टक्के शिल्लक. पेटवून जाळलं तरी ७५ टक्के. १५ मिनिटं मंद शिजवलं तर ४०, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५ टक्के.

हिशेब करून बघा. प्रोव्हान्समधला दोब हा मांसाचा रस्सा आख्खी बाटली वाइन घेतो. ७५० मिलिलिटर, १३ टक्के, म्हणजे साधारण ७७ ग्रॅम शुद्ध दारू. अडीच तासांनी उरते ४ ग्रॅमच्या आसपास, सहा ताटांत वाटली तर प्रत्येकी पाऊण ग्रॅमहून कमी. याउलट शिनाण्यांच्या (शिंपल्यांचा एक प्रकार, इंग्रजीत मसल) पातेल्यात फक्त १५० मिलिलिटर जाते, पण ती चार मिनिटंच शिजते, त्यामुळे निम्म्याहून जास्त राहते. कमी वाइनचा पदार्थ ताटात जास्त दारू घेऊन येतो. हे आकडे उघड्या किंवा सैल झाकणाच्या भांड्याचे आहेत. प्रेशर कुकरमध्ये वाफेला वाटच नसते, त्यामुळे कुकरमध्ये करायचंच असेल तर वाइन आधी वेगळ्या पसरट भांड्यात अर्ध्यावर आटवून घ्या.

पळस

मला खटकतं ते मांडतो. त्याच्या शेवटच्या दिवसाचं वर्णन लोक फार रंगवून सांगतात: इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रेजिस गावी दुपारचं जेवण, कालवं, तित्तिर, शॅम्पेन, फ्रान्समधल्या रोन खोऱ्याची लाल वाइन, संध्याकाळी घरी येऊन बसला आणि हृदयविकाराचा झटका. 'कसा राजासारखा गेला' म्हणतात. त्याच वर्षी जूनमध्ये त्याला आतड्याचा कर्करोग निघाला होता. २००४मध्ये कायदेशीर मर्यादेच्या साडेतीनपट दारू पिऊन गाडी चालवताना तो दुसऱ्या गाडीवर आदळला होता आणि त्याचा परवाना ३२ महिने गेला. चार लग्नं मोडली. यात राजेपण कुठे आहे?

खलबत्ता

पळस, तुमचं म्हणणं पटतं. जेवण त्याने मनापासून जेवलं असेल, त्याचा आनंद मला वाटतो. पण त्या जेवणाने आधीची वीस वर्षं धुऊन निघत नाहीत. इंग्लंडमधली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडची ३०. म्हणजे इंग्लंडात तो साडेतीनपट, तर आपल्या कायद्याने नऊपटीहून जास्त.

संजीवनी_मुळी

दारूबद्दल ठोस लिहा म्हटलंत म्हणून.

ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध दारू. २०१६पासून तिथला सल्ला आठवड्याला १४ युनिटांच्या आत राहण्याचा आहे. साडेतेरा टक्क्यांची वाइनची एक बाटली १० युनिट. म्हणजे दीड बाटलीत आठवडा संपतो. कामाचा भाग म्हणून हातात पेला असेल तर मोजणीच चुकते, कारण पेला रिकामा होत नाही, अर्ध्यावर आला की भरला जातो. किती पेले झाले हा प्रश्नच उरत नाही. मोजायचं तर रिकाम्या बाटल्या मोजाव्या लागतात.

स्वयंपाक्यांच्या धंद्यात धोका जास्त का? रात्री बारापर्यंत काम, नंतर झोप न येणं, दारू हाताशी आणि बहुधा फुकट, दिवसभर चाखून नीट जेवण नाही. पोटात अन्न नसताना दारू वेगाने चढते आणि बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, कमतरता होते. त्यातून चालताना तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, गोंधळणं. लोकांना वाटतं प्यायलेला आहे. खरं तर तो मेंदूचा तातडीचा आजार असतो. रुग्णालयात थायमिन शिरेतून देतात आणि ग्लुकोजच्या सलाइनबरोबर किंवा त्याच्या आधी देतात, कारण नुसतं ग्लुकोज चढवलं तर हीच कमतरता आणखी ताणली जाते.

घरच्यांकडून होणारी सगळ्यात घातक चूक: चिडून बाटल्या मोरीत ओतायच्या आणि माणसाला खोलीत कोंडायचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तुटली की ६ ते २४ तासांत कापरं, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भास, भ्रम, ताप. यात मृत्यू होऊ शकतो. ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून प्यावी लागते, त्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. पाच ते सात दिवस औषधं कमी करत नेतात. पण तेवढ्याने फक्त शरीर सुटतं. ओढ राहते, आणि त्यासाठी महिनोन्महिने समुपदेशन आणि गटाचा आधार लागतो. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतंय, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बऱ्याच शहरांत होतात.

फ्लॉइडला यातलं काय जमलं नाही यावर बाहेरून निवाडा नको. पण एवढं दिसतं की त्याची रोजीरोटी ज्या प्रतिमेवर होती त्या प्रतिमेच्या हातात पेला होता. सोडायचं म्हटलं तर स्वतःचं कामच सोडावं लागलं असतं. हे ओझं मोठं आहे.

तिसरा_डोळा

त्यात भर: प्रिचर्डने पुढे रिक स्टाइन या टीव्हीवरच्या दुसऱ्या स्वयंपाक्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. स्टाइन पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तो फ्लॉइडच्याच मालिकेत, इंग्लंडमधल्या पॅडस्टो गावचा एक उपाहारगृहवाला म्हणून. मोकळं चित्रीकरण, प्रवास, स्थानिक माणसांची चुलीपुढची गाठ, हे सगळं तिथे टिकलं, आणि ते टिकायला सतत भरलेल्या पेल्याची गरज पडली नाही. पद्धत आणि पेला वेगळे करता येतात, याचा याहून चांगला पुरावा नाही.

भुईनळा

@द्राक्षवेल, शिनाण्यांचं पूर्ण लिहाल का? आणि घरात कुणी दारू सोडलेलं असेल तर वाइनशिवाय कसं करायचं?

द्राक्षवेल

एक किलो शिनाणे, चार जणांना. गार वाहत्या पाण्यात घासून घ्या. शिंपल्यातून बाहेर आलेला दोरा सुरीने न कापता बिजागरीच्या दिशेने ओढून काढा. फुटलेले टाका. उघडे असतील ते ओट्यावर टिचका, मिटले नाहीत तर टाका. गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मरतात. तिसऱ्या घ्यायच्या असतील तर त्यांना वाळूसाठी मिठाच्या पाण्यात दोन तास, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ.

पसरट, घट्ट झाकणाच्या पातेल्यात लोणी ३० ग्रॅम, बारीक चिरलेले छोटे कांदे ४, लसूण २ पाकळ्या, तीन मिनिटं मंद. आच पूर्ण मोठी करून १५० मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन (नाशिकची शेनिन ब्लाँ घेतलीत तर गोडसर नाही ना ते बघा, गोड वाइनने रस्सा बिघडतो). उकळी फुटली की शिनाणे, झाकण, तीन ते चार मिनिटं, मध्ये एकदा पातेलं हलवायचं. बहुतेक उघडले की लगेच उतरवा. पाचव्या मिनिटाला मांस आक्रसायला लागतं. मीठ अजिबात नको, शिंपल्यातलं समुद्राचं पाणी पुरतं. तळाला वाळू बसते, म्हणून रस्सा वरून निथळून घ्या, शेवटचे दोन चमचे पातेल्यातच राहू द्या.

दारू सोडलेल्या माणसासाठी वाइन पूर्ण वगळा. 'थोडीच आहे' म्हणून घालू नका. चार मिनिटांत ती राहते हे वर लिहिलंय, आणि वासानेही ओढ जागी होते. त्याऐवजी १२० मिलिलिटर पाणी किंवा माशाच्या डोक्यांचा हलका काढा, आणि उतरवल्यावर दोन छोटे चमचे लिंबाचा रस. कोकम आगळ घालायचं असेल तर एक छोटा चमचाच, कारण बाजारच्या आगळात मीठ भरपूर असतं आणि इथे आधीच खारटपणा आहे. 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलेली वाइनही वापरू नका. काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत दारू असते, आणि बाटली, रंग, वास तोच.